शरद जोशींना सबसिडी का नको होती

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "वर्षाला सरकारचे बारा हजार खात्यात येतात, पंपाची वीज माफ, युरिया स्वस्त, मग अजून काय पाहिजे तुम्हाला?" तेव्हा मळ्यात मजूर होते, नीट बोलता आलं नाही. तुझ्या मनात काही वाकडं नव्हतं हे मला माहीत आहे. पुण्यात बसून जे कानावर येतं तेच तू बोललास. पण या प्रश्नाचं उत्तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्याच एका पुढाऱ्याने देऊन ठेवलंय, आणि ते हल्ली कोणी उच्चारत नाही, म्हणून हे पत्र.

शरद जोशी आठवतात ना? आपल्या वडिलांच्या सदऱ्यावर लाल बिल्ला असायचा, त्या शेतकरी संघटनेचे. स्वित्झर्लंडमधली टपाल खात्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतली नोकरी सोडून १९७७ च्या सुमारास ते चाकणजवळ आंबेठाणला आले आणि कोरडवाहू जमीन कसायला लागले. स्वतः शेतीचा हिशेब मांडल्यावर त्यांना जे दिसलं, तेच त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितलं : शेती तोट्यात आहे ती शेतकरी आळशी किंवा अडाणी आहे म्हणून नाही, त्याच्या मालाला भाव मिळू दिला जात नाही म्हणून. चाकणच्या कांद्यापासून सुरुवात झाली. मग नोव्हेंबर १९८० मध्ये उसाला टनामागे ३०० रुपये मागत आपल्या तालुक्यातली माणसं नाशिक जिल्ह्यातल्या खेरवाडीला रेल्वेच्या रुळांवर बसली. गोळीबार झाला, माणसं गेली. त्या लोकांची घोषणा होती, "भीक नको, हवे घामाचे दाम." खत स्वस्त करा, वीज फुकट द्या, हे मागायला ती माणसं रुळांवर बसली नव्हती रे.

सबसिडीला त्यांचा विरोध होता तो हिशेबातून आलेला. सरकार शेतकऱ्याला एका हाताने देतं ते सगळ्यांना दिसतं, दुसऱ्या हाताने काढून घेतं ते पेपरात येत नाही. निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, लेव्ही म्हणजे कमी भावाने सक्तीची सरकारी खरेदी, बाहेरचा माल आणून ओतणं, या सगळ्याने जेवढा भाव पाडला जातो, तेवढा शेतकऱ्यावर बसवलेला करच आहे. दोन्हीची वजाबाकी केली तर उत्तर उणे येतं. 'उणे सबसिडी' हा शब्द त्यांनी गावोगावच्या सभांतून रुजवला. आणि हे नुसतं भाषण नव्हतं. जागतिक व्यापार कराराच्या वेळी १९८६ ते ८८ ही पायाभूत वर्षं धरून खुद्द भारत सरकारने जे आकडे दिले, त्यातही पिकांना मिळणारा आधार उणेच निघाला होता.

आता आपल्या कांद्याचं घे. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. ऐन लाल कांदा बाजारात यायच्या वेळी! लिलाव बंद पडले, लोक रस्त्यावर उतरले, पण कांदा काही थांबत नाही, लाल कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. एकरी ऐंशी क्विंटल धर आणि क्विंटलमागे फक्त हजार रुपये पडले असं धर, म्हणजे एका एकरात ऐंशी हजार. तुझे बारा हजार यातून वजा कर.

त्याच वर्षीच्या सुरुवातीला, फेब्रुवारी २०२३ मध्ये, बार्शीच्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरला नेऊन विकला आणि भाडं, हमाली, तोलाई कापून त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. ती बातमी तूच मला पाठवली होतीस. त्यानंतर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. मी नाकारलं नाही, घेतलं. पण ते मिळवायचं कसं ते सांगतो. विक्रीची पट्टी हवी, आधार-पासबुक हवं, आणि सातबाऱ्यावर पीकपाहणीत कांदा लागलेला हवा. आमच्या शेजारचा एक जण दुसऱ्याचं रान वाट्याने करतो. कांदा त्याचा, मजुरी त्याची, रात्रीचं पाणी त्याने भरलेलं, पट्टीवर नाव त्याचं. सातबारा मात्र मालकाचा. ती कागदांची पिशवी घेऊन तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला आणि शेवटी त्याला काही मिळालं नाही. त्या दिवसांत त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. हाच माणूस शंभर रुपयांनी चढ्या लिलावात ट्रॉली घेऊन गेला असता तर शंभर रुपये त्याच्याच खिशात आले असते, कोणाला अर्ज न करता. पिकवणाऱ्यापर्यंत भाव पोचतो, अनुदान मात्र कागद असणाऱ्याकडे जातं. घरातल्या बायकांचं तेच. रानात राबणाऱ्या किती जणींचं नाव उताऱ्यावर आहे? जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, बायकांच्या नावावर जमीन करा म्हणाले, ते मला त्यांच्या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं.

खताचं थोडक्यात सांगतो. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण बाकीचे पैसे सरकार कारखान्याला देतं. २०२२-२३ मध्ये खतांवरची सबसिडी अडीच लाख कोटींच्या घरात गेली. युरिया स्वस्त आणि बाकीची खतं महाग, म्हणून लोक युरियाच ओततात आणि जमिनी बिघडतात. फुकट विजेचंही असंच : साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ आहे, पण लाईट रात्री येते आणि बिबट्याच्या भीतीने हातात काठी घेऊन पिकाला पाणी द्यावं लागतं. बिल घ्या पण दिवसा पूर्ण दाबाने वीज द्या, असं म्हणणारे आमच्याकडे खूप आहेत.

एका बाबतीत मात्र माझं जोशींशी जमत नाही. बाजार पूर्ण खुला करा, डंकेल प्रस्तावाला, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याला, घाबरू नका, असं ते ठामपणे म्हणाले होते. पण अमेरिका स्वतःच्या कापूसवाल्याला इतकं देत होती की ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकलाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडे कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं, तेव्हा विदर्भातल्या कोरडवाहू माणसाला कोणाशी झुंजायला लावलं? समोरचा सरकारी पैशावर उभा असताना आपला एकटा मोकळ्या मैदानात सोडणं मला पटत नाही. ठिबक, शेततळी, रस्ते, बियाण्यांचं संशोधन यावर सरकारने खर्च करायलाच हवा, आणि त्याला मी भीक म्हणणार नाही.

तरी मूळ मुद्दा त्यांचाच खरा. आमचा भाव पाडू नका, मग बारा हजार नाही दिले तरी चालतील. आज हे बोलायला एकही पक्ष तयार नाही. देण्याची जाहिरात करता येते, न लुबाडण्याची करता येत नाही. १२ डिसेंबर २०१५ ला जोशी गेले, तेव्हापासून सत्तेतले आणि विरोधातले सगळेच किती देणार यावर बोली लावतात.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. कांदा साठ रुपयांवर गेला की तुमच्या सोसायटीत ओरड होईल, दोन दिवसांत निर्यात बंद करा अशी मागणीही येईल. तेव्हा गप्प बसू नकोस. आठ महिने हाच कांदा दहा रुपयांनी गेला होता, हे तिथे तुझ्या तोंडून निघालं तर लोक ऐकतील. माझं कोण ऐकणार?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दिवाळीनंतर नवी लागण होईल, तेव्हा सवडीने ये. वडिलांची जुनी शिदोरी म्हणून ठेवलेली संघटनेची कात्रणं आहेत, ती तुला वाचायला काढून ठेवतो.

तुझा,
दत्ता