तरुणींच्या स्तनातील गाठ आणि लेपाचे दोन महिने

महोदय,

माझ्या २२ वर्षांच्या भाचीच्या स्तनात गाठ हाताला लागली, तेव्हा घरात रडारड झाली आणि शेजारणीने सुचवलेला लेप लावण्यात दोन महिने गेले. या वयातील बहुतेक गाठी फायब्रोअॅडिनोमासारख्या, बोटाखाली सरकणाऱ्या व कर्करोग नसलेल्या असतात. मात्र ते नुसत्या स्पर्शावरून ठरवता येत नाही. तिशीच्या आत स्तनातील ऊती दाट असल्याने मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीत, गाठ लपू शकते, म्हणून डॉक्टरांनी हाताने तपासणे, मग सोनोग्राफी आणि गरज भासल्यास सुईने तुकडा काढून तपासणे, असा क्रम असतो. निदान पक्के झाले की लहान गाठ बहुधा काढावीही लागत नाही. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये असताना मुलींनी लग्न न जुळण्याच्या धास्तीने गप्प राहावे, हे मला पटत नाही.

– एक वाचक, नागपूर