तंबू ठोका, पण वाडीत विचारून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आमच्या खेड तालुक्यात महिपतगड, सुमारगड, रसाळगडाच्या वाटांवर पाठीवर तंबू घेतलेली मुलं दिसू लागतात. मी गेली बावीस वर्षं या वाटांवर वाटाड्याचं काम करतो. ही मुलं मला मनापासून आवडतात. खोली नको, दिवा नको, संडास नको, रानात निजायचं एवढ्यासाठी रात्रीची एसटी धरून येणाऱ्याला डोंगराची ओढ असल्याशिवाय का तो येतो? तेव्हा त्यांना बंदी करा म्हणून हे पत्र लिहीत नाही. ते तंबू ठोकतात ती जागा कुणाची, आणि तिथून खाली वाहून काय येतं, हे त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

आमच्या वाडीचं पाणी वरच्या झऱ्याचं. झऱ्याला काळा पाइप जोडून टाकीपर्यंत आणलंय. पंप नाही, वीज नाही, उतारानेच येतं. मे महिन्यात धार करंगळीएवढी होते आणि अठ्ठावीस घरं तिच्यावर दिवस काढतात. दोन वर्षांमागे फेब्रुवारीच्या अखेरीस पाच-सहा जण वाडीत न येता आडवाटेने परस्पर वर गेले. झऱ्याच्या डोक्यावर सपाटी आहे, सावली आहे, तिथेच दहा पावलांवर त्यांनी मुक्काम केला. सकाळी हंड्यातल्या पाण्याला साबणाचा वास आला तेव्हा आम्हाला कळलं की वर कुणीतरी आहे. मी चढून गेलो तोवर ते निघून गेले होते. झऱ्याच्या वरच्याच अंगाला, दगडांच्या आड, ते शौचाला बसले होते. त्यावर एक कागद, कागदावर दगड. ते सगळं मी हाताने उचलून लांब नेऊन पुरलं.

चूल त्यांनी मातीने झाकली होती. विझली असं मीही समजलो आणि उतरलो, ही माझी चूक. ती चूल कातळावर नव्हती, कुजक्या पाल्याच्या जाड थरावर होती. मातीखाली निखारा मरत नाही. ऊब धरून राहतो आणि मुळामुळांतून सरकत जातो. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि वाळल्या कारवीने पेट घेतला. बायका-पुरुष सगळे ओल्या डहाळ्यांनी झोडपत होतो, तरी रात्री दोन वाजेपर्यंत वणवा हटला नाही. शेजाऱ्याची चाळीस काजूची झाडं ऐन मोहोरात होरपळली. त्याचं वर्षाचं रोकड उत्पन्न तेवढंच होतं.

आगीचा सगळा दोष पाहुण्यांचा, असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून उतार पेटवणारे आमच्यातही आहेत, आणि भाजावळीची, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून शेत भाजण्याची, सुटलेली आग मी लहानपणापासून पाहतो आहे. त्यांच्याशीही माझं भांडण चालूच असतं.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडच्या राष्ट्रीय वनांत असा विखुरलेला, म्हणजे ठरवून दिलेल्या तळाबाहेर रानात, मुक्काम करायला मुभा आहे, असं तो सांगतो. नळ नाही, कचराकुंडी नाही, बहुतेक ठिकाणी शुल्कही नाही. पण एका जागी साधारण चौदा दिवसांहून जास्त राहायचं नाही, पाण्यापासून शंभर-दोनशे फूट लांब राहायचं, आधी कुणी मुक्काम केलेली जागा असेल तर तीच वापरायची, सहा ते आठ इंच खड्डा खणून शौच पुरायचं, कचरा पाठीवर परत न्यायचा आणि कोरड्या दिवसांत मनाई लागली की काडीसुद्धा ओढायची नाही. हे आपल्याकडेही घ्यावं. फरक एकच, आणि तो मोठा आहे. ती वनं सरकारी आहेत. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडं. बहुतेक रान खाजगी आहे. मुलांना जे मोकळं जंगल वाटतं ते कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतं, त्यावर कधी वीस-वीस वारसांची नावं असतात आणि निम्मे मुंबईत असतात. मालक दिसत नाही म्हणजे रान बेवारशी नव्हे. घाटमाथ्याकडे गेलात तर कोयना अभयारण्य लागतं, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. राखीव वनात आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे.

रानात निजणं आम्हाला नवं नाही. माझे आजोबा वरकस जमिनीतल्या नाचणीला डुकरं लागू नयेत म्हणून दीड-दीड महिना माळ्यावर काढत. एक घोंगडी, भाकरी, सुकट. चूल उघड्या कातळावर, तीन दगडांची. निघताना राखेवर पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा ओतायचे आणि हाताची पाठ राखेजवळ नेऊन बघायचे. ऊब लागली तर परत पाणी. पाणवठ्यावर कधीच निजायचे नाहीत. माणूस तिथे असला की भेकर, सांबर, गवा पाण्यावर उतरत नाही, आणि उन्हाळ्यात त्यांना दुसरं पाणी नसतं. आणि वर पाऊल ठेवण्याआधी राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. देव न मानणाऱ्याने नारळ ठेवू नये, पण विचारून जावं.

आणखी एक सांगतो, कारण ते जिवाशी आहे. तंबूच्या दोऱ्यांना बांधायला कातळावरचे दगड उचलू नका. खाली फुरसं असतं, छोटा पण जहाल विषारी साप. पायथ्याची वाट दोन-तीन तासांची, मोबाइलला रेंज नाही, आणि रात्री माणसाला डोलीतून उतरवायचं तर आठ जण लागतात. आम्ही उतरवलंय.

या वर्षी आम्ही वाडीच्या देवळात एक वही ठेवली आहे. किती जण, कुठे जाणार, कधी उतरणार, एवढंच लिहायचं. पैसे नाहीत. झरा कुठे, कोणती सपाटी मुक्कामाला चालते, कोणत्या मालकाची हरकत नाही, ते आम्ही सांगू. माघापासून पहिला पाऊस पडेपर्यंत वर चूल नको. भाकऱ्या आमच्या घरून बांधून देऊ. पायथ्याच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने अशी वही ठेवावी आणि एसटी थांब्यावर तसा फलक लावावा, ही विनंती. मुलांनी वाचायचं तर ते थंडीत, म्हणून हे पत्र डिसेंबरच्या आत छापता आलं तर बरं होईल.

आपला,
एक वाटाड्या
ता. खेड, जि. रत्नागिरी