थांबलेल्या पेशी सरसकट शत्रू नव्हेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘झॉम्बी पेशी काढा, तारुण्य मिळवा’ अशा थाटाचे लेख हल्ली आरोग्य पुरवण्यांतून वरचेवर येतात. विभाजन कायमचे थांबवलेल्या पेशी वयाबरोबर शरीरात साठतात आणि म्हातारपणाच्या बऱ्याच दुखण्यांना हातभार लावतात, हे खरेच. पण शरीर अशा पेशी मुळात तयार का करते, हे त्या लेखांत क्वचितच असते.

माणसाच्या निरोगी पेशी प्रयोगशाळेत साधारण ५० वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले. कर्करोगाच्या पेशी थांबत नाहीत. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी रुग्ण महिलेच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या पेशी प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. थांबणे हा शरीराने कर्करोगाविरुद्ध केलेला बंदोबस्त आहे. अंगावरचा साधा तीळच पाहा. पुष्कळ तिळांच्या पेशींत बीआरएएफ जनुकाचा जो बिघाड असतो, तोच मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगातही सापडतो. तरी तीळ मसुराएवढा होतो आणि बहुतेक वेळा वर्षानुवर्षे तेवढाच राहतो, कारण त्याच्या पेशी विभागायच्या थांबतात.

बिनसते ते पुढे. या पेशी लवकर मरत नाहीत, दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहतात. उतारवयात प्रतिकारशक्तीकडून त्यांची सफाई नीट होत नाही, आणि त्याच द्रव्यांमुळे शेजारच्या पेशी कर्करोगाकडे झुकू शकतात. ज्युडिथ कॅम्पिसी या अमेरिकी संशोधिकेने हा दुटप्पी स्वभाव आयुष्यभर अभ्यासला. मात्र जखम भरून येतानाही याच पेशी उपयोगी पडतात. तेव्हा सगळ्याच काढून टाकाव्यात, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये २०११ साली अशा पेशी काढल्यावर उंदरांच्या म्हातारपणाच्या तक्रारी लांबणीवर पडल्या. उंदरांच्या! गुडघ्याच्या संधिवातावरच्या, अशा पेशी काढणाऱ्या एका औषधाची माणसांवरची चाचणी २०२० मध्ये अपयशी ठरली. आमच्या ओळखीचे एक आजोबा मात्र लेखाचे कात्रण घेऊन या पेशी काढायला म्हणून मेडिकलमध्ये डॅसॅटिनिब मागायला गेले. हे रक्ताच्या कर्करोगाचे औषध आहे. त्याने प्लेटलेट घटतात, फुप्फुसाभोवती पाणी साचू शकते. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिले नाही, हे नशीब.

कृपया असे लेख छापताना प्रयोग उंदरांवरचा की माणसांवरचा, हे मथळ्यातच द्यावे. औषधाचे नाव आलेच, तर ते मुळात कोणत्या आजारावर देतात आणि त्याचे दुष्परिणाम काय, हेही त्याच परिच्छेदात यावे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा