सिएरा ईव्हीसाठी थांबायचं, पण किती आकड्यापर्यंत?

कोल्हापूर
२० डिसेंबर २०२५

प्रिय विजू,

पत्र पोचलं. टाटांच्या सिएराचं बुकिंग १६ तारखेला उघडलं आणि तुझी चलबिचल सुरू झाली, हे पहिल्या ओळीतच कळलं. ‘पेट्रोल घेऊन मोकळा होऊ, का ईव्हीसाठी थांबू, आणि थांबलो तर ती कितीला येईल?’ एवढंच विचारलंयस. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, थांब. खरी गोम ‘कितीला’मध्ये आहे. आकडा ठरवून थांबलास तर ठीक, नाहीतर शोरूमवाला ठरवील तो आकडा तुझा.

सिएरा ईव्ही २०२६ मध्ये येणार हे कंपनीनंच सांगितलंय. किंमत मात्र जाहीर नाही, त्यामुळं पुढचे सिएरा ईव्हीचे आकडे माझा अंदाज समज. पण हा अंदाज हवेतला नाही. टाटांच्याच दोन ईव्ही तिच्या दोन बाजूंना उभ्या आहेत आणि त्यांचे दर उघडे आहेत. खाली कर्व्ह ईव्ही, १७.४९ लाखांपासून. वर हॅरियर ईव्ही, २१.४९ पासून. सिएराला या दोघींच्या मधेच बसायचंय, आणि त्या फटीची रुंदी चार लाख आहे.

आता बॅटरीचा भाव काढू. कर्व्हचं अकम्प्लिश्ड मॉडेल ४५ केडब्ल्यूएचच्या बॅटरीत १८.४९ ला मिळतं, तेच ५५मध्ये १९.२५ ला. म्हणजे १० युनिटांना ७६ हजार. हॅरियरची फिअरलेस प्लस ६५मध्ये २३.९९, ७५मध्ये २४.९९. तिथं १० युनिटांना बरोब्बर एक लाख. (केडब्ल्यूएच म्हणजे महावितरणच्या बिलावरचं युनिटच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.) बाकी सगळं तेच असताना मोठ्या बॅटरीचे कंपनी पाऊण ते एक लाख घेते. सिएरातही तेवढेच घेईल. याहून जास्त मागितले तर बॅटरीच्या आडून दुसरं काहीतरी विकतायत असं समज. हॅरियरमध्ये नावापुढं ‘एस’ लागला की सनरूफ येतं, त्याचे ५० हजार. पुढच्या चाकांना दुसरी मोटर, म्हणजे क्यूडब्ल्यूडी, त्याचे दीड लाख. सिएरात दुसरी मोटर आलीच तर तोच दीड लाख लागेल, आणि तुला ती नको. तू काय राधानगरीच्या जंगलात गाडी घालणार नाहीस.

बॅटरी कुठली येईल? पेट्रोल सिएराचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २७३० मिलिमीटर आहे, हॅरियरचा २७४१. फरक ११ मिलिमीटर, करंगळीएवढा. त्यामुळं हॅरियरची ६५ची बॅटरी लांबीच्या हिशेबानं सिएराच्या पोटात बसायला अडचण दिसत नाही. खालच्या मॉडेलला कर्व्हची ५५ आणि वरच्याला ६५, असं होईल असं मला वाटतं. ७५ घातली तर हॅरियर कोण घेणार?

सुरुवातीच्या किमतीकडं वळू. कर्व्ह पेट्रोल आली तेव्हा ९.९९ ला होती, म्हणजे ईव्ही साडेसात लाखांनी महाग. हॅरियर डिझेल १५ लाख असताना ईव्ही २१.४९ ला आली, फरक साडेसहा. पेट्रोल सिएरा ११.४९ ला सुरू होते. त्यात साडेसहा मिळव, १७.९९ होतात. साडेसात मिळव, १८.९९. तुझे पुण्यातले मित्र १७.९९ म्हणतायत ना, तो आकडा त्यांनी असाच काढला असणार. पण त्यांनी एक गोष्ट सोडली. ते दोन्ही फरक २२ सप्टेंबरच्या जीएसटी बदलाआधीचे आहेत. हॅरियरवर तेव्हा ५० टक्के कर होता, आता ४० आहे. सिएराचे ११.४९ हे या उतरलेल्या करातले आहेत. ईव्हीचा ५ टक्के कर मात्र होता तिथंच राहिला. पेट्रोल-डिझेल खाली आलं आणि ईव्ही जागेवर, तेव्हा आजचा फरक जुन्यापेक्षा मोठाच निघणार. शिवाय कर्व्हची ५५ आज १९.२५ ला सुरू होते. सिएराची ५५ एक-दीड लाखानं त्याखाली आणली तर कर्व्ह शोरूममध्येच धूळ खाईल. म्हणून माझा आकडा ५५च्या सगळ्यात साध्या मॉडेलला १८.९९. सुरुवात २०च्या आत दाखवायचीच आहे, कारण महिंद्राची सात सीटर एक्सईव्ही ९एस गेल्याच महिन्यात १९.९५ ला आली.

६५ची सुरुवात २०.२५ ते २०.७५ मध्ये कुठंतरी असेल. ती २१.४९ च्या वर जाऊ शकत नाही, कारण तिथं हॅरियर दार अडवून उभी आहे. भरगच्च ६५ बावीस-साडेबावीसला जाईल.

आता तुझा आकडा लिहून ठेव. ६५ची बॅटरी, सनरूफ नसलं तरी चालेल, २१ लाखांच्या आत मिळाली तर सिएरा. त्याच्या वर गेली तर हॅरियर अॅडव्हेंचर एस ६५, २१.९९ ला. ती आज तयार आहे, रस्त्यावर आहे, तिचे गुणदोष बाहेर आलेत. लांबी मात्र ४६०७ मिलिमीटर आणि सिएराची ४३४०. शुक्रवार पेठेतल्या तुमच्या बोळात २७ सेंटिमीटर म्हणजे पाणी तापवायच्या बंबाची जागा. आबांना विचार, ते दोरी लावून मोजून देतील.

६५च का, ते सांगतो, कारण वहिनींना ५५ पुरेल असं तू लिहिलंयस. जाहिरातीतल्या किलोमीटरचा पाऊणभागच खरा धरायचा. हॅरियर ७५चा जाहीर आकडा ६२७, आणि खऱ्या रस्त्याचा म्हणून कंपनीच ४८० ते ५०५ सांगते. हायवेला शंभरच्या वेगानं एवढ्या अंगाची गाडी युनिटला साडेपाच किलोमीटरच्या आसपास देईल. बॅटरी ९० टक्क्यांवरून १० पर्यंतच वापरायची असं धर. ५५मध्ये हाताशी ४४ युनिटं, म्हणजे २४२ किलोमीटर. कोल्हापूर ते पुणे २३०. पोचशील, पण खंबाटकीला एसी बंद करून आणि मनात अंबाबाईचं नाव घेऊन. ६५मध्ये ५२ युनिटं, २८६ किलोमीटर. चव्वेचाळीस किलोमीटरचा हा जादा आधार हाताशी असला की वाटेतला चार्जर बंद निघाला तरी चेहरा पडत नाही. त्याची किंमत एक लाख. तुझा पुण्याचा फेरा महिन्यातून दोनदा असणार, म्हणून तो दे. नुसतं कागल ते शिरोली फिरणाऱ्याला ५५ म्हणजे चैन आहे.

पेट्रोलशी तुलना एकदाच करतो. १८ लाखांची पेट्रोल सिएरा घेतलीस तर आरटीओचा कर १२ टक्के, २ लाख १६ हजार. झाले २०.१६. ईव्हीला महाराष्ट्रात तो कर शून्य. २०.७५ ची गाडी, चार्जर अंदाजे ४९ हजार (हॅरियरचा दर तोच आहे), वायरिंगला ३० हजार धर, झाले २१.५४. विम्यात एक उलटं आहे, कुणी सांगत नाही. थर्ड पार्टीचा हप्ता पेट्रोलला सीसीवर, ईव्हीला किलोवॉटवर. १५०० सीसीच्या आतल्या पेट्रोलला वर्षाला ३,४१६, आणि ६५ किलोवॉटच्या वरच्या मोटरीला ६,७१२. नवीन गाडीला तीन वर्षांचा एकदम भरायचा, तेव्हा दहा हजार इथं जादा जातात. एकूण फरक दीड लाखाच्या जरा आत. महिन्याला १,२०० किलोमीटर धर. पेट्रोलला लिटरला १२ नं शंभर लिटर, १०५ च्या दरानं साडेदहा हजार. ईव्हीला चार्जिंगमधली गळती धरून २२५ युनिटं, वरच्या स्लॅबचे १५ रुपये धरले तरी ३,४०० च्या आत. महिन्याला सात हजार सुटतात. पावणेदोन वर्षांत फरक फिटला.

टोलचं मात्र मनातून काढून टाक. ईव्हीला राज्यानं टोलमाफी दिली ती अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर. किणी, तासवडे, आनेवाडी हे तुझ्या वाटेवरचे टोलनाके राष्ट्रीय महामार्गावर आहेत, त्या माफीत बसत नाहीत. त्यापेक्षा वार्षिक फास्टॅग पास काढ, २०० फेऱ्या मिळतात.

बुकिंगच्या दिवशीचा एक सापळा सांगून ठेवतो. ‘प्रास्ताविक किंमत’. गेल्या मे महिन्यात एमजीची विंडसर प्रो ही ईव्ही १७.४९ ला आली, पहिल्या ८,००० बुकिंगपुरती. ती चोवीस तासांत भरली आणि किंमत साठ हजारांनी वर. तेव्हा तुला घाई करायला सांगतील. पण उलटंही झालंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्हीच्या किमतीत १ लाख २० हजारांपर्यंत कपात झाली आणि त्याच वर्षी सणात सूट तीन लाखांपर्यंत गेली. बॅटरीतले सेल स्वस्त होतायत, म्हणून ईव्हीचा भाव वर्षभरानं वर जाण्यापेक्षा खाली यायची शक्यता जास्त. पहिल्या दिवसाचे साठ हजार वाचवायला पहिल्या लॉटची गाडी घेऊ नको. नव्या ईव्हीत पहिल्या लॉटला मोठी बॅटरी सहसा त्रास देत नाही. त्रास देतं सॉफ्टवेअर आणि ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी. गाडी बंद असताना एखादा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपलाच नाही की छोटी बॅटरी रात्रीत उतरते. मग मोठ्या बॅटरीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारा स्विच, ओढायलाच वीज नसते, आणि पोटात ६० युनिटं असून गाडी सकाळी दगड. दोन-तीन अपडेटनंतर हे मिटतं. चार महिने जाऊ देत.

‘बॅटरी भाड्यानं’ असं काही निघालं तर तेही मोजून बघ. विंडसरचं गणित नमुन्याला पुरे. २०२४ मध्ये ती आली तेव्हा बॅटरीसकट १३.५०, भाड्यानं ९.९९ आणि किलोमीटरला साडेतीन रुपये होते. फरक ३.५१ लाख, भागिले साडेतीन, एक लाख किलोमीटर. तू ते सातेक वर्षांत ओलांडशील. तुझ्यासाठी नाही ते.

बॅटरीची आजीवन वॉरंटी हॅरियरला आहे, सिएरालाही मिळेल असं धरून चालू. आजीवन म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षं, आणि पहिल्या मालकाला, खासगी नोंदणीलाच. आज आबांच्या नावावर घेऊन उद्या तुझ्या नावावर करायचा बेत असेल तर तो आत्ताच बदल. फर्मच्या नावावर घेणार असशील तर वॉरंटीची अट डीलरकडून लेखी घे.

आता घरचं काम, ज्यात लोक खरे फसतात. भिंतीवरचा डबा हा चार्जर नव्हेच, खरा चार्जर गाडीत असतो. गाडीतला ७.२ किलोवॉटचा असेल तर भिंतीवर ११चा लावून एक मिनिटही वाचत नाही. ७.२ म्हणजे ३२ अँपिअर, रात्रभर सलग. घरातल्या गिझरची वायर त्याला चालत नाही, तापते, सॉकेट पिवळं पडतं. मीटरपासून स्वतंत्र लाइन, तांब्याची ६ चौरस मिलिमीटर. अंतर २०-२५ मीटरच्या वर असेल तर १०ची. ४० अँपिअरचा एमसीबी आणि वीज गळली की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी. अर्थिंग वेगळं, नवं. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दोन-तीनच्या आत हवा. तो चढला की चार्जर ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून बंद पडतो आणि लोक गाडीला शिव्या घालतात. तुमचा मंजूर भार बिलावर बघ. ७.२ वर गिझर आणि एसी आला की सिंगल फेजचं काम नाही, थ्री फेजला अर्ज कर. वेळेनुसार दर लावणारा नवा टीओडी मीटर बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटांना सवलत आहे, रविवारी त्याचा फायदा घे.

आणि डबा कुठं लावायचा ते पुराकडं बघून. पंचगंगा ४३ फुटांना धोका पातळी ओलांडते आणि तुमच्या पेठेत पाणी कुठवर येतं ते २०१९ नं भिंतीवर लिहून ठेवलंय. त्या खुणेच्या वर हातभर. केबल लोंबली तरी चालेल. तो एमसीबी मात्र जिन्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे पाणी चढायच्या आधी कुणालाही पाडता येईल. बॅटरीचा डबा पाण्याला घट्ट असला तरी पुरात गाडी उभी ठेवायची नाही, ती आधीच वर काढायची. यात पेट्रोल आणि ईव्ही सारखेच.

जाता जाता, उद्यमनगरात या गाड्यांकडं कसं बघतात ते तू इथं आलास की ऐकशील. सिलिंडर हेड आणि ब्लॉक ओतणाऱ्यांना मोटरीच्या अॅल्युमिनियमच्या हाउसिंगचं कौतुक जरा बेतानंच आहे. त्यांचंही खरं आहे.

तेव्हा आत्ता एवढंच कर. मीटरच्या पेटीपासून गाडी लावायच्या जागेपर्यंत टेप धर, वायर भिंतीनं जाईल तशी वळणं धरून. तो आकडा, बिलावरचा मंजूर भार आणि बोळाची सगळ्यात अरुंद रुंदी मला पाठव. सिएराचा दर फुटेपर्यंत थ्री फेजचा अर्ज तरी पुढं सरकलेला असेल.

आबांना नमस्कार, वहिनींना सांग ६५च.

तुझा,
दिलीप