ऑप्टिमिस्ट सोडायची घाई नको

नागपूर, मे महिना

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझे मेसेज वाचले, सगळे. फोनवर तू बोलत सुटतेस आणि मला हूं-हूं करण्यापलीकडे वाव ठेवत नाहीस, म्हणून हे लिहून पाठवतोय. सुट्टीत तू भोपाळला आत्याकडे आहेस, म्हणून तिलाच प्रिंट काढायला सांगितलंय. मोबाइलवर तू पहिल्या चार ओळी वाचून 'ओके बाबा' पाठवून मोकळी होशील.

तर तुझं म्हणणं असं, की तिथे तू शिकतेयस ती ऑप्टिमिस्ट ही बारक्या पोरांची शिडाची होडी आहे, आणि तुला थेट तिच्याहून मोठ्या आयएलसीएवर बसायचंय. कारण काय, तर नेहा ठाकूरने २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आयएलसीएमध्येच रौप्यपदक घेतलं आणि ती शिकली तुझ्या आत्याच्या भोपाळात. सगळं खरं. पण नेहा तेव्हा १७ वर्षांची होती आणि तिची होडी होती आयएलसीए ४. त्या '४' मध्येच सगळी गोम आहे.

आयएलसीएचा, म्हणजे पूर्वीच्या लेझरचा, खालचा भाग सगळ्यांना एकच: लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास, वजन साठेक किलो. बदलतं ते शीड. ४ चं शीड ४.७ चौरस मीटर, ६ चं पावणेसहाच्या आसपास, ७ चं सातच्या थोडं वर. ऑलिम्पिकला पुरुष ७ चालवतात आणि बायका ६. टोकियोला आपला विष्णू सरवणन ७ मध्ये होता, नेत्रा कुमानन ६ मध्ये. तेव्हा त्यांची नावं लेझर स्टँडर्ड आणि रेडियल अशी होती. म्हणजे एकाच होडीवर शीड बदलत बदलत शाळकरी पोरगी ऑलिम्पिकपर्यंत जाऊ शकते. ही सोय मला फार आवडली.

पण कोणतं शीड कोणाला, हे वयापेक्षा वजन ठरवतं. वारा वाढला की होडी एका अंगाला कलते. मग पायपट्ट्यांत पाय अडकवून, मांड्यांवर भार घेऊन, सगळं अंग होडीबाहेर झोकायचं, म्हणजे ती सपाट राहते. तिथे जिद्द कामाला येत नाही, किलो लागतात. पन्नास किलो भरल्याशिवाय ४ मध्येसुद्धा मजा नाही. तू ३८ किलोची. मंद वाऱ्यात छान पळशील, आणि जरा जोर आला की शीड सैल सोडून सोडून नुसती फडफडत राहशील. त्यात शिकणं काहीच होत नाही, दमणं तेवढं होतं.

आता त्या 'बारक्या पोरांच्या' होडीबद्दल. क्लार्क मिल्सने ती १९४७ मध्ये फ्लोरिडात काढली. प्लायवूडच्या आठ बाय चार फुटांच्या दोन तक्त्यांत बसली पाहिजे, ही अट होती, म्हणून तिचं नाक असं चपटं, कापल्यासारखं. लांबी २.३ मीटर, वजन ३५ किलो. आपल्या सुताराला दाखवलीस तर तो म्हणेल, साहेब, चार दिवसांत करून देतो. आणि तरीही जगभरची चांगली चांगली मंडळी यातूनच पुढे गेली.

हिच्यात एक गंमत आहे, ती आयएलसीएत नाही. आयएलसीए उलटली की डॅगरबोर्डवर, म्हणजे होडीच्या पोटातून खाली जाणाऱ्या फळीवर, उभं राहून सरळ करायची, चढायचं, चालू पडायचं; तिचा बसायचा खळगा उथळ, पाणी आपोआप निघून जातं. ऑप्टिमिस्ट सरळ केली तरी काठोकाठ भरलेली असते. हवेच्या पिशव्यांमुळे बुडत नाही, पण हलतही नाही. मग कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने पाणी उपसायचं, एका हाताने, दुसऱ्या हातात सुकाणू, आणि शेजारून बाकीची मुलं पुढे जाताना बघायची. तू पाठवलेल्या व्हिडिओत तो निळा कॅन दोरीने बांधलेला दिसला. दोरी का बांधतात ते तुला एव्हाना कळलं असेलच.

शिवाय ऑप्टिमिस्टला वयाची मर्यादा आहे. ज्या वर्षी १५ पूर्ण होतात ते शेवटचं वर्ष, पुढच्या जानेवारीपासून बाद. म्हणजे तुझ्या हातात हे वर्ष धरून जेमतेम तीन मोसम आहेत. आयएलसीए कुठे पळून जात नाही, ती चाळिशीतही चालवता येते. त्यामुळे आधी जे संपणार आहे ते वापरून घे, असं माझं सरळ मत.

ग्रीन फ्लीटचं ऐकून तुझं नाक मुरडलेलं मला इथून दिसतंय. तो नवशिक्यांचा गट आहे, वयाचा नाही. तुझ्या शेजारी नऊ वर्षांचं पोट्टं असेल आणि ते तुला हरवेलही. हरव म्हणावं. त्या गटात एवढंच शिकायचं असतं, की पाच मिनिटं आधीच्या हॉर्नपासून घड्याळ लावायचं, सुरुवातीच्या रेषेवर वेळेत यायचं, आणि वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही म्हणून नागमोडी जायचं. हे अंगात मुरल्याशिवाय मोठ्या गटात गेलीस तर सगळ्यांच्या मागून शिडं मोजत येशील.

आणि नियम पाठ कर, ते कोणी शिकवत बसत नाही. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. दोघींचा वारा एकाच बाजूचा असेल, तर वाऱ्याकडच्या होडीने वाट द्यायची. पाण्यात सहसा शिट्टी वाजवणारा कोणी नसतो. नियम मोडून दुसऱ्या होडीला धडकलीस, तर बाजूला होऊन स्वतःच होडीच्या दोन गिरक्या घ्यायच्या. खुणेच्या बोयाला लागलीस तर एक. कॅरममध्ये 'मी नाही ढकललं' म्हणणाऱ्या मुलीला हा खेळ जड जाणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

अथर्वदादाही तुझ्या जोडीने उड्या मारतोय. तो १६ चा, ६२ किलोचा, त्याला ऑप्टिमिस्टचा प्रश्नच नाही. पण वजन ६ चं असलं तरी हात नवे आहेत, त्याने पहिला मोसम ४ वरच काढावा. दोघांनी मिळून ४२० किंवा २९अर चालवायची, हे खूळ तूर्त डोक्यातून काढा. ४२० मध्ये एक जण सुकाणूवर आणि दुसरा डोलकाठीच्या तारेला लटकून बाहेर, वर तिसरं फुग्यासारखं शीड. २९अर तर त्याहून नाठाळ, थांबली की उलटतेच. दोघांचं मन एकाच वेळी एकाच दिशेला वळावं लागतं, आणि तुमचं रिमोटवरूनही जमत नाही. दोन वर्षांनी बघू.

आता नागपूरचं. आजी विचारते, 'समुद्र नाही काही नाही, ही पोरगी शीड लावणार कुठं?' तिला सांगितलं, भोपाळलाही समुद्र नाही आणि हैदराबादच्या हुसेनसागरलाही नाही, तरी तिथे ऑप्टिमिस्टच्या शर्यती होतात. तलावाचा वारा उलट जास्त शिकवतो, कारण तो इमारतींमधून, झाडांमधून दर मिनिटाला तोंड फिरवतो. आपल्याकडे अंबाझरीवर एनसीसीच्या नौदल विभागाचे कॅडेट होड्यांचा सराव करतात. एनसीसीत एंटरप्राइज नावाची दोघांची शिडाची होडी असते. ज्युनिअर विंग आठवीपासून, म्हणजे तुझं वय आलंच. तुझ्या शाळेत आर्मी विंग आहे. नेव्हलमध्ये बाहेरून घेतात का, ते शाळा उघडली की मी स्वतः जाऊन विचारतो. शर्यतीची ऑप्टिमिस्ट मात्र सध्या सुट्ट्यांमध्ये भोपाळलाच, आणि होडी तिथलीच वापरायची. विकत घेणं नाही. दोन-तीन वर्षांत बाद होणाऱ्या होडीवर मी पैसे घालणार नाही, आणि ती पार्किंगमध्ये ठेवली तर सोसायटीवाले माझंच शीड उतरवतील.

निवासी अकादमीचा विषय दहावीपर्यंत काढायचा नाही. यावर आईचं आणि माझं एकमत आहे, जे क्वचितच होतं, त्यामुळे वाद घालून बघू नकोस.

येण्याआधी तिथल्या सरांना तीन गोष्टी विचारून ये. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा घेतील का. तुझ्या वजनाला कोणतं शीड बरं, कारण ऑप्टिमिस्टचीही शिडं हलक्या-जड मुलांसाठी वेगवेगळ्या कटची मिळतात. आणि लाइफ जॅकेट कोणत्या मापाचं घ्यायचं. ते मात्र तुझं स्वतःचं घेऊ, उसनं नको. पोहण्याचा पास मी जूनपासून काढून ठेवतोय, सकाळी सहाची बॅच. कुरकुर चालणार नाही.

आत्याला नमस्कार. टोपी घालत जा.

तुझा,
बाबा