आप्पांची 'वजनं'

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, लॅपटॉपची १६ जीबी मेमरी पुरत नाही. दुसऱ्या दिवशी माळा आवरताना आप्पांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. वर त्यांच्या अक्षरात 'वजनं', बस्स एवढंच. तेव्हापासून तुला लिहीन म्हणतोय.

१९८६ साल. मी नववीत होतो. माझ्या आत्याचे यजमान जहाजावर नोकरीला, त्यांनी झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा कॉम्प्युटर आणून दिला. रबरी बटणांचा, वहीएवढा. त्याची मेमरी १६ केबी, म्हणजे तुझ्या लॅपटॉपच्या दहा लाखांवा हिस्सा. त्यातले पावणेसात केबी एकटा पडदाच खायचा, आपल्या हाती राहायचे जेमतेम नऊ. पडदा म्हणजे घरातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. रविवारी सकाळी तो मिळायचाच नाही.

आप्पांची उद्यमनगरात छोटी फाउंड्री, तुला आठवत नसेल. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगचं वजन ते पाठकोऱ्या कागदावर काढायचे. घनफळ गुणिले ७.२, की ग्रॅम हातात. मी म्हटलं, हे मी करून देतो. हिशोब सोपा होता. अडलं ते कास्टिंगच्या नावांवर. आप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि यंत्राला मराठी येत नव्हतं.

त्यात आपण स्वतः काढलेली अक्षरं ठेवायला जागा होती, पण फक्त २१. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांत बसवायचं. गणिताची चौकटीची वही घेऊन मी आणि आप्पा रात्री जेवणं झाल्यावर बसायचो. वरच्या दोन ओळी वेलांटीला, तिसरी शिरोरेघेला, सगळ्यात खालची उकाराला. मधे अक्षराला उरायच्या चारच ओळी! चौकटी एकमेकींना चिकटून असल्यामुळे शिरोरेघ मात्र सलग जुळायची, आणि ती पहिल्यांदा जुळली तेव्हा आप्पांनी टीव्हीच्या काचेवरून बोट फिरवून बघितलं. 'पुली' दोन घरांत बसली, एक 'पु' आणि एक 'ली'. 'कपलिंग'ला चार घरं गेली. 'ब्रॅकेट' काही केल्या मावेना. आप्पा म्हणाले, "मग हात म्हण की त्याला. आमच्या पोरांना कळतंय." त्यानंतर फाउंड्रीतही ब्रॅकेटला हातच म्हणायला लागले.

एवढं करून मेमरी संपलीच. 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ खाली आली की पोटात गोळा यायचा. प्रोग्राममध्ये साधा आकडा लिहिला तरी त्याच्या मागे यंत्र गुपचूप आणखी ६ बाइट वापरायचं. आकडा अवतरणात घालून आधी 'व्हॅल' (म्हणजे अवतरणातल्या मजकुराची किंमत काढ, असा हुकूम) लिहिलं की दर आकड्यामागे ३ बाइट वाचायचे. मी सगळा प्रोग्राम तसा पुन्हा टाइप केला, आणि कॅसेटवर सेव्ह करायच्या आत लाइट गेली. रडलो मी त्या रात्री. आप्पा कंदील घेऊन शेजारी बसले, 'उद्या मी सांगतो, तू दाब' म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीतून एकेक आकडा वाचून दाखवला.

प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपात राहायचा. तिथून यंत्रात परत चढवताना आवाज जरा कमीजास्त झाला की 'टेप लोडिंग एरर'. म्हणून आईच्या नेलपॉलिशनं टेपरेकॉर्डरच्या बटणावर खूण केली होती. खूण अजून आहे, टेपरेकॉर्डर बंद पडलाय.

आप्पांच्या कास्टिंगची सगळी यादी या फितीवर आहे. वह्या फाउंड्री विकली तेव्हाच गेल्या. ऐकलंय की कॅसेटचा आवाज लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करून जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला देता येतो. दिवाळीला येशील तेव्हा पुण्यात कुणाकडे चालू टेपरेकॉर्डर असला तर घेऊन ये. कॅसेट मी सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवलीय. चुंबकाजवळ, उन्हात कुठे जाऊ देत नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझा,
बाबा