शालेय हस्तकामात मोटारींच्या मॉडेल किटला जागा द्या

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत सुट्टीतील छंदांविषयी आलेल्या लेखात, प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून मोटारीचे हुबेहूब मॉडेल जोडण्याच्या कामाचा उल्लेख ‘सधन घरांतील मोठ्यांची खेळणी’ अशा एका वाक्यात उरकला होता. लेखातील बाकीच्या सूचना चांगल्या आहेत. पण सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवण्याच्या विभागात, नोकरी करून निवृत्त झालेला आणि आता इंदिरानगरमधील घरात शेजारच्या मुलांबरोबर अशी मॉडेल जोडत बसणारा माणूस म्हणून त्या एका वाक्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की नाशिकसारख्या कारखानदारीच्या गावात हे काम आठवीपासून पुढच्या मुलांच्या शालेय हस्तकामात असायला हवे, आणि ते तिथे आणणे फारसे अवघड नाही.

अशा किटची पेटी उघडली की हाती मोटार येत नाही. येतात त्या पॉलिस्टायरीनच्या पातळ चौकटी, आणि त्यांना बारीक देठांनी चिकटलेले शंभराहून अधिक लहानमोठे भाग. वितळलेले प्लास्टिक दोनशे अंशांच्या पुढच्या तापमानाला पोलादी मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, दाबाने भरायचे आणि निवल्यावर इजेक्टर पिनांनी ढकलून बाहेर काढायचे, अशा रीतीने ही चौकट तयार होते. त्यामुळे भागांवर मोल्डच्या खुणा राहतात. मोल्डचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथली पार्टिंग लाइन, आतल्या अंगाला पिनांचे गोल ठसे, जाड भागाच्या पाठीमागे प्लास्टिक आकसल्याने बसलेली सिंकची खळी. अंबड औद्योगिक वसाहतीतील मोल्डिंगच्या शॉपमध्ये माल तपासणारा माणूस याच गोष्टी पाहून पीस बाजूला काढतो. किट जोडणाऱ्या मुलाला त्या आधी ओळखाव्या आणि मग स्वतःच्या हाताने घालवाव्या लागतात. मोल्ड म्हणजे काय हे वर्गात फळ्यावर समजावणे किती कठीण आहे हे मला ठाऊक आहे. पण ज्या मुलाने बॉनेटच्या आतल्या बाजूचे पिनांचे ठसे पुट्टीने भरून घासले आहेत, त्याला ते वेगळे समजावावे लागत नाही.

भाग चौकटीपासून सोडवण्यातही शिस्त आहे. नवखा मुलगा नखाने पिळून भाग तोडतो आणि त्याबरोबर भागाचा एक कपचा निघून येतो. योग्य रीत अशी की पहिला काप भागापासून थोडा लांब घ्यायचा, उरलेला देठ दुसऱ्या कापाने भागाजवळ आणायचा आणि शेवटचा कण धारदार पात्याने व पॉलिश पेपरने काढायचा. आधी रफ, मग फिनिश हा क्रम आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये कानशीने चौकोन घासताना जसा अंगवळणी पडतो, तसाच तो इथेही पडतो. त्यानंतर ड्राय फिट, म्हणजे काहीही न चिकटवता भाग एकमेकांत बसवून पाहणे. चिकटवण्यासाठी वापरतात तो पातळ द्रव खरे पाहता गोंद नव्हेच. तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतो आणि द्रव उडून गेला की दोन भाग एकजीव झालेले असतात. जोड वेल्डिंगसारखा बसतो, म्हणून चुकीला माफी नाही. क्रोमचा मुलामा असलेल्या भागांवर मात्र हा द्रव पकड घेत नाही; जोडाच्या जागेचा मुलामा आधी खरवडावा लागतो. काचांसाठी झटपट चिकटणारा गोंद वापरला तर त्याच्या वाफेने त्यांच्यावर पांढुरके सावट येते. तिथे साधा पांढरा फेविकॉल उत्तम.

आता प्रमाणाविषयी, कारण माझ्या मते या कामाचे खरे शिक्षण तिथे आहे. मोटारींची बरीच मॉडेल १:२४ या प्रमाणात असतात. चार मीटर लांबीची मोटार या प्रमाणात सुमारे १६.७ सेंटिमीटरची होते, हे आठवीतला मुलगा गुणोत्तराच्या गणितावरून लगेच सांगेल. पण खऱ्या मोटारीत दार आणि बॉडी यांच्यात ४ मिलिमीटरची फट असेल, तर मॉडेलमध्ये ती ०.१७ मिलिमीटरपेक्षा रुंद दिसता कामा नये, हे त्याला हाताने करून पाहिल्यावरच उमगते. खऱ्या मोटारीवरील रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर जाडी होते. तेवढाच रंग मॉडेलवर चढला, तर प्रमाणाच्या हिशेबाने मोटारीवर २.४ मिलिमीटर जाडीचा लेप बसला असे होईल, दारांच्या फटी बुजतील आणि कडा बोथट दिसतील. म्हणूनच ब्रशने एका दमात रंग फासून चालत नाही; एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक फवारणीयंत्राने, पातळ फवारे देत, प्रत्येक थर सुकू देत पुढे जावे लागते. बॉडी आधी भांडी घासण्याच्या साबणाने धुवायची, म्हणजे मोल्डमधून आलेला तेलकटपणा जातो. मग करडा प्रायमर मारायचा, ज्यात आतापर्यंत न दिसलेला प्रत्येक ओरखडा उघडा पडतो. तो ८०० किंवा १००० नंबरच्या पेपरने पाण्याबरोबर घासायचा आणि मगच रंगाला हात घालायचा. आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये हाच क्रम आणि हेच शब्द ऐकायला मिळतील.

नाशिकच्या पावसाळ्याचाही यात धडा आहे. जुलैमध्ये थिनरमिश्रित लॅकर फवारले, तर चकचकीत काळ्या रंगावर दुधी छटा येते. थिनर झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतील पाणी त्यावर साचून रंगात अडकते. त्यावर उपाय दोन आहेत: उडण्याचा वेग कमी करणारा रिटार्डर मिसळणे, किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहणे. दुसरा उपाय स्वस्त आहे. मुलांना तो आवडत नाही, पण पाळतात.

पूर्ण तपशिलाच्या किटमध्ये बॉनेटखाली इंजिन असते, पण त्याच्या वायरी बहुधा नसतात. त्या जोडणाऱ्याने घालायच्या. स्पार्क प्लगची खरी वायर सुमारे ७ मिलिमीटर जाडीची, म्हणजे मॉडेलमध्ये ०.३ मिलिमीटरची. ही वायर शोधायला परदेशी जावे लागत नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जमिनीवर पडलेले तांब्याच्या तारेचे तुकडे व्हर्नियरने मोजून घेतले की काम भागते. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाच्या, टोपणावर पिन व्हाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या ड्रिलने, तेवढ्याच व्यासाची भोके पाडावी लागतात आणि कोणती वायर कोणत्या सिलिंडरला जाते हे खऱ्या इंजिनाचे चित्र पाहून ठरवावे लागते. डॅशबोर्डवरील स्पीडोमीटरची तबकडी जेमतेम ४ मिलिमीटरची असते. तिचा डेकल, म्हणजे कागदावरून सुटणारे पातळ छापील चित्र, कोमट पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत जागी आणायचा आणि वर मऊ करणाऱ्या द्रवाचा एक थेंब सोडायचा. त्या थेंबाने डेकल आधी सुरकुततो आणि काम बिघडले असे वाटते. पण त्या क्षणी हात आवरला, तर सुकताना तो आपोआप ताणला जाऊन तबकडीच्या खोलगट भागात चपखल बसतो. हात आवरणे शाळेच्या वेळापत्रकात कुठेही शिकवले जात नाही.

आमच्या शाळांत त्या जागी काय चालते, ते सर्वांना माहीत आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानांत ज्वालामुखी, पवनचक्की, सौरमाला अशी तयार मॉडेल टांगलेली असतात. पालक पैसे मोजतात, मूल नाव लिहिते आणि गुण मिळतात. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आणली, तरी शाळांच्या प्रकल्पांतून थर्माकोल हटलेले दिसत नाही. पुन्हा असे प्रकल्प मुलाने केले की दुकानदाराने, हे परीक्षकाला कळत नाही. किटमध्ये ही लबाडी चालत नाही, कारण जोडणाऱ्याचा हात प्रत्येक कडेवर दिसतो. ज्या गावात सातपूरच्या कारखान्यातून महिंद्राच्या गाड्या बाहेर पडतात आणि ओझरला विमाने बांधली जातात, तिथल्या मुलाला बॉनेटखाली काय असते हे दहावीपर्यंत ठाऊक नसावे, हे मला खटकते. महिंद्राच्या मोटारींची सुरुवातही १९४० च्या दशकाच्या अखेरीस, परदेशातून सुट्या भागांत आलेल्या विलीज जीप जोडण्यापासून झाली, याची इथे आठवण करून देणे अनाठायी होणार नाही. त्याच विलीज जीपचे १:३५ प्रमाणातील किट आज मिळते. शिडीसारखी चासी, लीफ स्प्रिंग, पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांकडे जाणारे शाफ्ट असे सारे त्यात एका टेबलावर मांडून पाहता येते.

हे किट ज्या तामिया कंपनीचे, ती जपानमधील शिझुओका या शहरातली. १९४६ मध्ये तिची सुरुवात लाकडाच्या धंद्यातून झाली आणि पुढे ती प्लास्टिकच्या मॉडेलकडे वळली. १९७० च्या दशकात पोर्शे ९३४ या शर्यतीच्या मोटारीचे १:१२ प्रमाणातील मॉडेल काढायचे ठरले, तेव्हा कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव शुन्साकू तामिया यांनी आतील रचना नीट कळावी म्हणून खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली. ज्या धंद्यात खेळण्याएवढ्या वस्तूसाठी अख्खी मोटार खोलून मोजतात, त्याला पोरखेळ म्हणणे मला तरी धाडसाचे वाटते.

राहिला खर्चाचा मुद्दा. लेखात सुचवल्याप्रमाणे किट महाग आहेत, हे खरे. चांगले किट काही हजार रुपयांना पडते. पण ते तसे का पडते, हेही सांगायला हवे होते. सीमाशुल्काच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध मॉडेल आणि बाहुल्या एकाच ९५०३ या शीर्षकाखाली येतात. या शीर्षकावरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे; आयुष्यभर मोल्ड बनवणाऱ्या माणसाला तो अमान्य कसा असेल? परंतु तीन वर्षांच्या मुलाच्या खुळखुळ्याला आणि चौदा वर्षांवरील मुलांसाठी असलेल्या, पाते आणि थिनर लागणाऱ्या किटला एकच माप लावल्याने नुकसान होते ते शिकणाऱ्याचे. शाळा आणि आयटीआय यांनी शिक्षणसाहित्य म्हणून मागवलेल्या किटना यातून सवलत देता येईल. दुसरा मार्ग अधिक लांबचा, पण मला अधिक प्रिय आहे. अंबड आणि सातपूरच्या टूलरूममध्ये बनणारे मोल्ड मोटारींचे डॅशबोर्ड आणि दिव्यांच्या काचा काढतात; त्यांना १:२४ ची बॉडी काढणे अशक्य नाही. बॉडीच्या बाजूंना स्लाइड कोअर, म्हणजे मोल्डचे बाजूला सरकणारे भाग, लागतील, कडांचे पॉलिशिंग वेळखाऊ होईल आणि मोल्डचा खर्च लाखांच्या घरात जाईल. तो वसूल होईल इतकी मागणी आज नाही. शाळांनी मागणी केली, तर ती तयार होईल.

तोवर जे आजच करता येईल ते असे. शिक्षण विभागाने आठवी व नववीच्या कार्यानुभवाच्या तासिकांत हा पर्याय ऐच्छिक म्हणून मान्य करावा. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांनी सुरुवातीला मोजक्या शाळांना प्रत्येकी एक लहान कॉम्प्रेसर, एक एअरब्रश, काही कटर आणि चार-पाच मुलांमागे एक असे किट पुरवावे. एकेका किटवर चौघे बसले, तर एकाने चासी, दुसऱ्याने इंजिन, तिसऱ्याने आतली बैठक आणि चौथ्याने बॉडी अशी वाटणी सहज होते. शाळेत लॅकर आणि थिनर आणू नयेत. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग पुरेसे आहेत, आणि चिकटवण्याचे काम उघड्या खिडकीजवळ व शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे. पात्यांची मोजणी तासाच्या आधी आणि नंतर करावी, जशी आम्ही टूलरूममध्ये टूल क्रिबच्या, म्हणजे हत्यारे देण्याघेण्याच्या, खिडकीवर करत असू. शिकवायला माणसे कुठून आणायची, असा प्रश्न येईल. तर नाशिकमध्ये निवृत्त टूलमेकर आणि फिटर गल्लोगल्ली आहेत, आणि दुपारी त्यांना फारसे काम नसते. मी स्वतः इंदिरानगर किंवा सिडको भागातील कोणत्याही शाळेत आठवड्यातून एक दुपार, मानधन न घेता, यायला तयार आहे. इच्छुक मुख्याध्यापकांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत निरोप पाठवावा. माझा पत्ता आपल्याकडे या पत्रासोबत दिला आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलमेकर,
इंदिरानगर, नाशिक